सुई थांबली ती जागा

मानेच्या जुनाट दुखण्यावर ‘मणक्यात इंजेक्शन’ घेतलेली माणसं आता प्रत्येक मोठ्या गावात भेटतात. कुणाची नस दबलेली असते, कुणाला एमआरआयवर ‘गॅप’ दाखवलेली असते, कुणी महिनोन्महिने पट्टा बांधून थकलेलं असतं. इंजेक्शन नेमकं कुठे गेलं, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. ते जातं एका अशा जागेत, जिचा शोध अर्ध्या शतकात वेगवेगळ्या देशांत पुन्हापुन्हा लागला आणि पुन्हापुन्हा विसरला गेला. या जागेविषयीचं जवळजवळ सगळं पहिलं ज्ञान कमरेवर मिळालं आणि पुढे तसंच्या तसं मानेला लावलं गेलं. मानेचा हिशेब वेगळा आहे, हे कळायला फार उशीर झाला. त्या उशिराची किंमत काही रुग्णांनी मोजली, म्हणून ही हकीगत मला महत्त्वाची वाटते.

आधी ती जागा. मज्जारज्जू कण्यातल्या पोकळीतून खाली येतो. त्याच्याभोवती पाण्यासारखा द्रव असतो आणि त्या द्रवाला धरून ठेवणारं एक चिवट आवरण असतं, ज्याला डॉक्टर ड्यूरा म्हणतात. ड्यूरा आणि मणक्याचं हाड यांच्यामध्ये चरबी, बारीक शिरांचं जाळं आणि बाहेर पडणाऱ्या नसांची मुळं यांनी व्यापलेला एक चिंचोळा पट्टा उरतो. हीच एपिड्युरल जागा. कवटीच्या तळाशी ती बंद होते आणि खाली माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीच्या छिद्राशी संपते. पाठीमागून तिच्यावर पिवळट, लवचिक अस्थिबंधाची झडप असते. कित्येक ठिकाणी ही जागा घडी करून ठेवलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी असते: आत काही भरलं की उघडते, एरवी दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या.

१८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं आणि जगभरचे डॉक्टर कोकेनची पिचकारी घेऊन शरीराचा कानाकोपरा धुंडाळू लागले. न्यूयॉर्कचे मज्जातंतुतज्ज्ञ जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्ये एका कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांमध्ये कोकेन टोचलं. काही मिनिटांत त्याचे मागचे पाय बधिर झाले. मग त्यांनी तोच प्रयोग एका रुग्णावर केला. त्याच्यावर परिणाम होईना, म्हणून आणखी एकदा औषध दिलं आणि मग सावकाश त्याचे पाय बधिर होत गेले. औषध मणक्यांमधल्या रक्तवाहिन्या शोषून मज्जारज्जूपर्यंत नेतील, असा कॉर्निंग यांचा तर्क होता आणि तो चुकीचा होता. परिणामाला लागलेला वेळ आणि दिलेली मात्रा पाहता, माणसाच्या बाबतीत त्यांची सुई एपिड्युरल जागेतच राहिली असावी, असं नंतरच्या अनेक इतिहासकारांना वाटतं. ते जिथे पोहोचले होते, ती जागा त्यांना स्वतःला ठाऊकच नव्हती.

जर्मनीत कील इथे हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेतून सुई घालून पाठीतलं पाणी काढण्याची सुरक्षित रीत बसवली. त्याच गावात १८९८ च्या ऑगस्टमध्ये शल्यविशारद आउगुस्ट बीर यांनी त्याच वाटेने कोकेन आत सोडून शस्त्रक्रिया केली. आठ दिवसांनी त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवरच प्रयोग केला. बीर यांच्या पाठीत सुई गेली, पण पिचकारी तिच्यावर नीट बसेना आणि पाणी वाहून गेलं. हिल्डेब्रांट यांच्यावर मात्र प्रयोग साधला. नडगीवर हातोडा मारला, चामडीला पेटती सिगार लावली, तरी त्यांना वेदना नाही. दुसऱ्या दिवसापासून बीर यांना डोकं वर उचलवेना. आडवे झाले की बरं, उठून बसले की डोकं फुटायला लागायचं. असं नऊ दिवस चाललं. ड्यूराला पडलेल्या भोकातून पाणी झिरपत राहतं, म्हणून असं डोकं दुखतं. शस्त्रक्रियेला ही रीत उत्तम होती, पण आवरणाला भोक पडणं ही तिची किंमत होती.

ते भोक न पाडता नसांपर्यंत जाता येईल का, या प्रश्नाला पहिलं ठाम उत्तर पॅरिसमधून आलं. १९०१ च्या एप्रिलमध्ये झां-आतानाझ सिकार आणि फेर्नां काथलँ या दोन तरुण डॉक्टरांनी, स्वतंत्रपणे आणि काही दिवसांच्याच अंतराने, त्रिकास्थीच्या छिद्रातून खालच्या बाजूने औषध सोडल्याचं जाहीर केलं. काथलँ मूत्ररोगाच्या शाखेतले होते. त्यांना शस्त्रक्रियेसाठी बधिरता हवी होती, ती काही त्यांना नीट साधली नाही. सिकार यांचा रोख वेगळा होता. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळांनी हैराण झालेले रुग्ण त्यांच्यासमोर होते, आणि त्यांतल्या काहींना या इंजेक्शनाने आराम पडला. म्हणजे जुनाट दुखण्यासाठी एपिड्युरल ही कल्पना बाळंतपणातल्या किंवा शस्त्रक्रियेतल्या एपिड्युरलच्या मागून आलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून सोबत आहे.

सिकार यांच्याच हातून पुढे आणखी एक मोठी गोष्ट घडली. खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून बनवलेलं लिपिओडॉल ते दुखण्यावर टोचत असत. ते क्ष-किरणांना अडवतं आणि फोटोत स्पष्ट दिसतं, हे सिकार आणि त्यांचे सहकारी झाक फोरेस्त्ये यांच्या ध्यानात आलं. १९२१ पासून त्यांनी या तेलाने मणक्याच्या आतल्या पोकळ्या फोटोत पकडल्या. औषध कुठे गेलं हे डोळ्यांनी पाहण्याची सोय झाली. पण दुखण्यावर मणक्यात इंजेक्शन देणाऱ्यांनी पुढची कित्येक दशकं ती सोय वापरलीच नाही.

आता माद्रिदकडे. फिदेल पाखेस मिरावे यांचा जन्म १८८६ मध्ये स्पेनमधल्या उएस्का इथे झाला. लष्करी डॉक्टर होऊन ते १९०९ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या मेलियाला गेले आणि युद्धातल्या जखमा म्हणजे काय ते तरुण वयातच पाहिलं. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ होता. त्या काळात युद्धकैद्यांच्या छावण्या तपासण्याच्या कामावर ते व्हिएन्नाला होते. १९१९ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेला वाहिलेलं एक स्पॅनिश नियतकालिक सुरू केलं. नोव्हेंबर १९२० मध्ये एका रुग्णाला नेहमीप्रमाणे पाठीतून भूल देताना त्यांच्या मनात आलं, की सुई पाण्यापर्यंत नेण्याआधीच, ड्यूराला टोचण्याआधीच थांबवावी आणि औषध तिथेच सोडून पाहावं. त्यांनी तसं केलं.

थांबण्याचा हा विचार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. तोवर सगळे आणखी आत कसं जाता येईल हे पाहत होते. पाखेस यांनी ओळखलं, की आवरणाबाहेर पडणाऱ्या नसांच्या मुळांनाच गाठलं तर शरीराचा हवा तेवढाच पट्टा बधिर करता येईल: पोटाच्या शस्त्रक्रियेला पोटाचा, मांडीच्या शस्त्रक्रियेला मांडीचा. आणि ही वाट त्रिकास्थीच्या तळापुरती नाही, कण्यावर वेगवेगळ्या उंचीवर उघडता येते. मार्च १९२१ मध्ये त्यांनी ४३ शस्त्रक्रियांचा अनुभव छापला. तंत्र, मात्रा, कुठे जमलं आणि कुठे जमलं नाही, सगळं त्यात होतं. सुई पिवळा अस्थिबंध ओलांडते तेव्हा बोटांना एकदम अडथळा सुटल्याचं जाणवतं, याच खुणेवर त्यांची भिस्त होती.

पुढे त्यांना वेळच मिळाला नाही. त्याच वर्षीच्या जुलैत मोरोक्कोत आन्वाल इथे स्पॅनिश सैन्याचा दारुण पराभव झाला, हजारो सैनिक मारले गेले आणि पाखेस पुन्हा मेलियाच्या रुग्णालयात जखमींमध्ये उभे राहिले. सप्टेंबर १९२३ मध्ये सुट्टीवरून कुटुंबासह परतताना बुर्गोसजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३७. निबंध स्पॅनिशमध्ये, तोही स्पेनच्या नियतकालिकांत. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर तो गेलाच नाही. आपल्या भाषेत शास्त्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने या माणसाची आठवण ठेवावी. त्यांच्या कामात उणीव नव्हती, वाचक दूर होते.

दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, इटलीत तोरिनोचे शल्यविशारद आकिल्ले मारियो दोल्योत्ती यांनी तीच पद्धत नव्याने मांडली. पाखेस यांचं काम त्यांना माहीत नव्हतं. दोल्योत्ती यांनी मात्र तिला शिकवता येईल असं रूप दिलं. द्रवाने भरलेली पिचकारी सुईला जोडायची, दट्ट्यावर अंगठ्याचा दाब सतत ठेवायचा आणि सुई पुढे सरकवत जायचं. अस्थिबंधात सुई असेपर्यंत दट्ट्या हलत नाही. एपिड्युरल जागेत टोक पोहोचलं की द्रव सहज आत शिरतो. आजही शिकाऊ भूलतज्ज्ञाच्या हाताला हेच वळण लावलं जातं. ब्युनोस आयरेसच्या आल्बेर्तो गुतिएरेस यांनी आणखी एक खूण दिली: सुईच्या बाहेरच्या टोकावर पाण्याचा थेंब लटकत ठेवायचा, टोक योग्य जागी गेलं की थेंब आत ओढला जातो. पाखेस यांचा आधीचा मान गुतिएरेस यांनीच पुढे आणला आणि दोल्योत्ती यांनीही तो मान्य केला.

थेंब आत का जातो, यावर बराच वाद झाला. सुईचं टोक ड्यूराला पुढे ढकलतं आणि मागे पोकळी तयार होते, असं काहींचं म्हणणं. छातीतला कमी दाब मणक्यापर्यंत पोहोचतो, असं इतरांचं. वादाचा निकाल काहीही लागो, रुग्ण बसलेला असताना मानेपाशी थेंब चांगला ओढला जातो एवढं दिसलं. १९३३ मध्ये दोल्योत्ती यांनी मानेतूनही एपिड्युरल भूल देऊन पाहिली होती. खुणा त्याच, सुई तीच, हातही कमरेवर तयार झालेला तोच.

भूलशास्त्रातली पुढची वाटचाल वेगाने झाली. १९४७ च्या जानेवारीत हवानामध्ये मान्वेल मार्तीनेस कुर्बेलो यांनी टूही यांच्या वाकड्या टोकाच्या सुईतून बारीक नळी आत सोडली आणि औषध पुन्हापुन्हा देण्याची सोय केली. बाळंतपणाच्या कळांसाठी आज जगभर हेच चालतं. दुखण्याच्या बाबतीत मात्र वळण आलं ते वेगळ्याच औषधामुळे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडाल यांनी १९४८-४९ मध्ये सांधेदुखीने जखडलेल्या रुग्णांना कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. दोनच वर्षांनी इटलीत रोबेक्की आणि काप्रा यांनी दबलेल्या नसेच्या मुळाशी हायड्रोकॉर्टिसोन टोचलं, आणि लगेच फ्रान्समध्ये लिएव्र यांनी ते एपिड्युरल जागेत सोडलं. सिकार यांच्या जुन्या वाटेवर आता नवं, बलवान औषध आलं होतं.

मान या कथेत येते ती हृदयविकाराच्या आडून. १९४३ मध्ये मेम्फिसचे शल्यविशारद सेम्स आणि मर्फी यांनी चार रुग्णांची हकीगत छापली. छातीत, खांद्यात, हातात दुखत होतं आणि हृदयाचं दुखणं असावं असा संशय होता. प्रत्यक्षात मानेतल्या सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली चकती फाटून सातव्या नसेच्या मुळावर दाब आला होता. कमरेतल्या चकतीची गोष्ट बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्येच सांगितली होती. आता मानेतलीही उघड झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस होनोलुलूचे राल्फ क्लॉवर्ड यांनी जाग्या रुग्णाच्या मानेतल्या चकत्यांमध्ये सुई घालून रंगद्रव्य सोडलं आणि विचारलं, कुठे दुखतं? रुग्णाने बोट ठेवलं ते पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला. दुखणं एकीकडे आणि त्याचं मूळ दुसरीकडे, हे मानेत किती फसवं असतं ते त्या उत्तरांतून कळलं.

चकती नसेला नुसती दाबते की आणखी काही करते? स्वीडनमध्ये ओल्मार्कर, रिडेविक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये डुकरांवर प्रयोग केला. चकतीतला मऊ गर त्यांनी नसांच्या मुळांवर नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही, तरी नसांमधून संदेश जाण्याचा वेग घटला. म्हणजे गर नसेला चिडवतो, सूज आणतो. कॉर्टिसोनसारखं सूज उतरवणारं स्टिरॉइड नसेच्या मुळाशी सोडण्याला यातून भक्कम कारण मिळालं. हातात उतरणारी कळ, मुंग्या, पकड ढिली होणं, अशा रुग्णांसाठी हे कारण लागू होतं.

पण ज्यांची फक्त मान दुखते, वर्षानुवर्षं, हातात काहीच उतरत नाही, त्यांचं काय? जुनाट मानदुखीचे पुष्कळसे रुग्ण असे असतात, आणि त्यांनाही तेच इंजेक्शन मिळत गेलं. इथे ऑस्ट्रेलियातल्या न्यूकासलच्या निकोलाय बोगडुक यांच्या गटाचं काम मला फार निर्णायक वाटतं. मोटार अपघातात मानेला झटका बसून वर्षानुवर्षं दुखणं राहिलेले ५० रुग्ण त्यांनी तपासले. मणक्यांच्या मागच्या बाजूला जे लहान सांधे असतात, त्यांच्या बारीक नसा एकदा एका औषधाने आणि पुन्हा वेगळ्या काळ टिकणाऱ्या औषधाने बधिर केल्या. कोणतं औषध कधी दिलं, हे रुग्णाला ठाऊक नसे. खरंच त्या सांध्यातून दुखत असेल तर आराम औषधाच्या मुदतीइतकाच टिकायला हवा. या कसोटीवर ५४ टक्के रुग्णांचं दुखणं त्या सांध्यांतून येत असल्याचं निघालं. हे १९९५ मध्ये छापलं गेलं.

पुढच्या वर्षी लॉर्ड, बार्न्सली, बोगडुक आणि सहकाऱ्यांनी २४ रुग्णांवर केलेली चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. बारा जणांच्या त्या बारीक नसा ८० अंशांच्या उष्णतेने निकामी केल्या. उरलेल्या बारा जणांना तसंच झोपवलं, तशाच सुया घातल्या, फक्त उष्णता शरीराच्या तापमानापुढे नेली नाही. दुखणं निम्म्यावर परत यायला पहिल्या गटात मध्यकानुसार २६३ दिवस लागले, दुसऱ्या गटात ८. रुग्ण मोजकेच, पण प्रश्न इतका नेमका विचारलेला, की उत्तराला वजन आलं. दुखण्याचं मूळ मागच्या सांध्यात असेल, तर मज्जारज्जूभोवतीच्या जागेत औषध सोडून काय साधणार? हा प्रश्न त्याआधी चाळीस वर्षं फार थोड्यांनी विचारला होता.

याच सुमारास त्या जागेकडेही नव्याने पाहिलं गेलं. अमेरिकेतले क्विन होगन यांनी मृतदेहांचे मणके गोठवून त्यांचे पातळ छेद घेतले. जुन्या पद्धतीत काप घेताना किंवा द्रव भरताना जागा फाकायची आणि आहे त्यापेक्षा मोठी दिसायची. गोठवलेल्या छेदांत ती होती तशी दिसली. कमरेत मागच्या बाजूला चरबीचे सुटे सुटे गोळे, मधल्या भागात ड्यूरा हाडाला टेकलेली. कमरेत मध्यरेषेवर पाचसहा मिलिमीटर खोली मिळते. मानेच्या तळाशी ती दीडदोन मिलिमीटर उरते, आणि त्याहून वर मागच्या बाजूला चरबी जवळपास नसतेच. तिथे सुई आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये अंतर म्हणावं असं काही राहत नाही.

आणि तो पिवळा अस्थिबंध, ज्याच्या अडथळ्यावर पाखेस यांची बोटं आणि दोल्योत्ती यांचा अंगठा विसंबून होता? २००३ मध्ये इन्सब्रुकच्या लिर्क आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या तपासणीतून दाखवलं, की मानेत या अस्थिबंधाचे डावे-उजवे भाग मध्यरेषेवर अनेकदा जुळलेलेच नसतात. मानेच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर ५१ ते ७४ टक्के मृतदेहांत फट आढळली. सुई बरोबर मधोमध चालली असेल, तर अडथळा सुटल्याची खूण देणारा पडदाच तिथे नसतो. बोस्टनमध्ये स्टोयानोविच आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मानेतल्या इंजेक्शनांचे क्ष-किरण फोटो तपासले होते. पहिल्या प्रयत्नात हाताला ‘जागा मिळाली’ असं वाटलं, त्यांपैकी ५३ टक्के वेळा सुई एपिड्युरल जागेत नव्हती. कमरेवर विश्वासू ठरलेली खूण मानेत निम्म्या वेळा खोटी निघाली.

काही डॉक्टर मागून न जाता बाजूच्या छिद्रातून थेट नसेपाशी जात. तिथला धोका आणखी गंभीर होता. त्या छिद्राजवळून मज्जारज्जूला आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. स्टिरॉइडच्या काही औषधांत बारीक कण असतात. ते चुकून रोहिणीत गेले तर रक्तपुरवठा तुंबतो. मानदुखीसाठी आलेल्या रुग्णांना पक्षाघात झाल्याच्या, काहींचा जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या.

२०१२ ची आपत्ती वेगळ्या कारणाने आली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या एप्रिल पेटिट या डॉक्टरांना मेंदूच्या आवरणाची सूज आलेल्या रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यात बुरशी सापडली. अशा रुग्णात बुरशी सापडणं इतकं दुर्मीळ होतं, की त्यांनी लगेच आरोग्य खात्याला कळवलं. रुग्णाने आधी एपिड्युरल स्टिरॉइड घेतलं होतं. धागा मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरपर्यंत गेला. तिथे बनलेल्या कुप्यांत बुरशी होती. सुमारे १४ हजार लोकांना ती इंजेक्शनं दिली गेली होती. अमेरिकी सरकारच्या नोंदीनुसार २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले आणि ६४ दगावले. कमरेच्या नाहीतर मानेच्या दुखण्याला कंटाळून गेलेली ही साधी माणसं होती. त्या कंपनीच्या चालकांवर पुढे खटले चालले, तुरुंगवास झाला.

एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिड्युरल स्टिरॉइडच्या क्वचित पण गंभीर धोक्यांबद्दल इशारा दिला. २०१५ मध्ये जेम्स रॅथमेल आणि तज्ज्ञांच्या गटाने नियम मांडले. मानेत मागून इंजेक्शन द्यायचं तर क्ष-किरणांखाली आणि रंगद्रव्य सोडूनच. सुई शक्यतो मान आणि पाठ जिथे मिळतात त्या सांध्याशी, सहाव्या-सातव्या मणक्यांच्या वर शक्यतो नाहीच. त्या पातळीवर जागा आहे की नाही, हे आधीच्या एमआरआयवर पाहिल्याशिवाय नाही. बाजूच्या छिद्रातून जायचं तर कण असलेलं स्टिरॉइड वापरायचं नाही. होगन यांचे छेद, लिर्क यांच्या फटी, बोस्टनचे फोटो, सगळं या वाक्यांमागे उभं आहे.

उपयोगाचा वाद मात्र मिटलेला नाही. २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट मणकेदुखीसाठी अशा बहुतेक सगळ्या इंजेक्शनांविरुद्ध ठाम शिफारस होती, एपिड्युरल आणि नस जाळण्यासकट. वेदनातज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी तिला विरोध केला: नीट न निवडलेले रुग्ण आणि नीट निवडलेले रुग्ण एकत्र मोजले, असा त्यांचा आक्षेप. बोगडुक यांच्या २४ रुग्णांची आठवण ठेवली तर हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. पण निवड न करता सुई घालणारे दवाखाने आजही आहेत, हेही तितकंच खरं आहे.

२०१५ च्या त्या नियमांत आणखी एक कलम आहे. मानेत सुई घालताना रुग्णाला गाढ गुंगी देऊ नये. तो जागा असावा, बोलता असावा. सुई मज्जारज्जूला किंवा नसेला भिडली, तर ते क्ष-किरणाच्या पडद्यावर दिसण्याआधी त्याला कळतं, आणि त्याने ‘थांबा’ म्हटलं की हात थांबला पाहिजे.